खुन्यांची बालपणं कोण लिहितं?

१९८३ साली टेक्ससमध्ये हेन्री ली ल्यूकस नावाचा एकाक्ष, फारसा न शिकलेला भटक्या पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने कबुल्यांचा सपाटाच लावला. शंभर खून, मग दोनशे. पुढे हा आकडा सहाशेच्या घरात गेला. जॉर्जटाउनच्या तुरुंगात त्याच्यासाठी खास पथक बसवण्यात आलं. वेगवेगळ्या राज्यांतले पोलिस आपापल्या न उलगडलेल्या खुनांच्या फायली घेऊन यायचे, ल्यूकसला मिल्कशेक आणि सिगारेटी मिळायच्या आणि आणखी एक प्रकरण निकाली निघायचं. अशी दोनशेहून जास्त प्रकरणं कागदोपत्री मिटली. १९८५ मध्ये ह्यू एन्सवर्थ या पत्रकाराने ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’मध्ये नोंदी समोर ठेवून दाखवून दिलं, की यातल्या कित्येक खुनांच्या वेळी हा गृहस्थ शेकडो मैल दूर, भलत्याच राज्यात होता. ज्या एका खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला होता, त्या सुमारासही तो फ्लोरिडात छपरं घालण्याच्या कामावर असल्याचा पुरावा निघाला. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली. बुश यांच्या कारकिर्दीत टेक्ससमध्ये दीडशेवर माणसांना मृत्युदंड दिला गेला, त्या काळात अशी सूट मिळालेला हा एकटाच.

ल्यूकसच्या खुनांच्या आकड्यावर आज कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. त्याच्या बालपणावर मात्र सगळ्यांचा विश्वास आहे. देहविक्रय करणारी आई मुलांच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाइकं घेत असे, त्याला मुलीचे कपडे घालून शाळेत पाठवत असे, फळीने डोकं फुटेस्तोवर मारत असे. रेल्वेखाली दोन्ही पाय गमावलेला बाप दारू पीत पडलेला असे. हे सगळं खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. व्हर्जिनियातल्या त्या झोपडीत भीषण दारिद्र्य आणि मारहाण होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण कुठला तपशील खरा आणि कुठला रंगवलेला, हे सांगणारा मुख्य साक्षीदार ल्यूकसच आहे. सहाशे खुनांची थाप मारणारं तोंड बालपणाकडे वळलं की एकाएकी सत्यवचनी कसं होतं? आणि ज्या आईवर सगळा ठपका येतो, तिची बाजू कधीच ऐकायला मिळणार नाही. १९६० मध्ये ल्यूकसच्या हातूनच ती मेली.

अमेरिकेतल्या कुप्रसिद्ध सीरियल किलरांची बालपणं वाचताना हा प्रश्न पदोपदी येतो आणि पुस्तकांमधून, मालिकांमधून तो सहसा टाळला जातो. ठरलेला साचा असा: पहिल्या प्रकरणात मारकुटा बाप किंवा विक्षिप्त आई, दुसऱ्यात छळलेलं मांजर, तिसऱ्यात पहिला खून. वाचक मान डोलावतो, कारण गोष्टीला कार्यकारणभाव मिळालेला असतो. माझं म्हणणं असं, की या बालपणांचं लेखन शेवटाकडून सुरुवातीकडे झालेलं आहे. खुनी माहीत झाल्यावर त्याचं बालपण शोधलं गेलं, आणि शोधणाऱ्यांना काय हवं होतं हे आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे ती दुःखाची नोंद म्हणून मोलाची आहेत, पण खुनाचं कारण म्हणून कच्ची.

ती लिहिली कोणी, हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. पहिला मोठा गठ्ठा एफबीआयचा. रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस या अधिकाऱ्यांनी, अ‍ॅन बर्जेस या परिचर्या-संशोधिकेच्या मदतीने, १९७९ ते १९८३ या काळात तुरुंगातल्या ३६ लैंगिक खुन्यांची माहिती जमवली. १९८८ मध्ये तिचं पुस्तक झालं आणि आज ‘प्रोफाइलिंग’ नावाने जे काही दाखवलं जातं त्याचा पाया हाच. मोडलेली घरं, दूरचा बाप, थंड आई, लहानपणापासून हिंसक कल्पनांमध्ये रमणं, हे सगळं त्यात आहे. पण त्या छत्तीसांपैकी पंचवीसच सीरियल किलर होते. बोलायला तयार झालेल्यांचंच बोलणं नोंदवलं गेलं, आणि तशाच घरांत वाढून कोणाचाही जीव न घेतलेल्यांचा गट तुलनेला घेतलेलाच नव्हता. तपासाला दिशा देण्यापुरतं ते काम उपयोगी होतं. कारण सिद्ध करण्यासाठी ते आखलेलंच नव्हतं. ते ओझं पुढच्यांनी त्याच्यावर लादलं.

दुसरा गठ्ठा न्यायालयातला, आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ‘लॉकेट विरुद्ध ओहायो’ या खटल्यात सांगितलं, की मृत्युदंड द्यायचा की नाही हे ठरवताना आरोपीच्या आयुष्यातली शिक्षा सौम्य करू शकेल अशी कोणतीही गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. १९८२ च्या ‘एडिंग्स विरुद्ध ओक्लाहोमा’मध्ये सोळाव्या वर्षी खून केलेल्या मुलाच्या हिंसक बालपणाचा विचार करणं बंधनकारक ठरलं, आणि २००३ मध्ये ‘विगिन्स विरुद्ध स्मिथ’च्या निकालाने बालपणाचा शोध न घेणाऱ्या वकिलालाच दोषी धरलं. माणुसकीच्या दृष्टीने हे निकाल योग्यच आहेत. पण त्याचा परिणाम असा, की अशिलाचा जीव वाचवायचा तर त्याचं बालपण खणून काढणं हे बचाव पक्षाचं कामच झालं. सरकारी पक्षाला ते क्षुल्लक ठरवावं लागतं, बचावाला ते निर्णायक ठरवावं लागतं. हाताशी असलेली कितीतरी माहिती या रस्सीखेचीतून आलेली आहे.

तिसरा लेखक म्हणजे खुनी स्वतः, आणि इथे टेड बंडीकडे जरा जवळून पाहायला हवं. १९४६ मध्ये व्हरमाँटमधल्या अविवाहित मातांच्या आश्रमात त्याचा जन्म झाला. पहिली काही वर्षं तो फिलाडेल्फियाला आजी-आजोबांकडे वाढला, मग आई त्याला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, टकोमाला गेली आणि तिथे तिने लग्न केलं. आपल्या जन्माचं गुपित आपल्याला कसं कळलं, हे त्याने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलं. प्रेयसीला सांगितलं, की चुलत भावाने चिडवून जन्मदाखला दाखवला. चरित्रकारांना सांगितलं, की दाखला आपल्यालाच सापडला. त्याची मैत्रीण आणि पुढे चरित्रकार झालेल्या अ‍ॅन रूल यांची समजूत अशी, की त्याने मोठेपणी व्हरमाँटला जाऊन नोंद शोधली. २४ जानेवारी १९८९ ला त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं. त्याच्या आदल्या दिवशी धर्मोपदेशक वळणाचे मानसतज्ज्ञ जेम्स डॉब्सन यांच्यासमोर तो म्हणाला, की आपलं घर चांगलं, प्रेमळ होतं आणि आपल्याला बिघडवलं ते अश्लील साहित्याने. डॉब्सन यांची अश्लील साहित्याविरुद्ध मोहीम चालू होती. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे ओळखण्यात बंडी आयुष्यभर तरबेज होता. त्याच कौशल्यावर त्याने मुलींना गाडीपर्यंत नेलं होतं. मृत्यूच्या दारात तो ते विसरला असेल असं मानायला आधार नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. खुनी बालपण फुगवून सांगतात तसे ते लपवतातही, किंबहुना जास्त करून लपवतात. मानसोपचारतज्ज्ञ डोरोथी ऑटनाव लुइस यांनी १९८६ मध्ये मृत्युदंडाच्या कोठडीतल्या १५ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंधराही जणांना पूर्वी डोक्याला गंभीर इजा झालेली होती. १९८८ मध्ये त्यांनी अशाच कोठडीतले १४ अल्पवयीन गुन्हेगार तपासले, तर त्यातल्या १२ जणांनी लहानपणी अमानुष मार खाल्लेला होता. यांतल्या अनेकांना ‘वेडा’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘वाईट’ म्हणवून घेणं पसंत होतं. आई-बापांना सांभाळून घेण्याची धडपड मृत्यूच्या तोंडावरही सुटत नव्हती. बंडीशीही लुइस बोलल्या. त्याच्या मावशीने त्यांना सांगितलं, की आजोबा भयंकर संतापी होते, आणि तीन वर्षांचा टेड एकदा ती झोपलेली असताना स्वयंपाकघरातल्या सुऱ्या तिच्याभोवती मांडून हसत उभा होता. तेव्हा बंडीचं ‘चांगलं घर’ हीच थाप असणं अगदी शक्य आहे. आक्षेप मला मान्य आहे. पण त्याने माझं म्हणणं कमजोर होत नाही. थाप कुठल्या दिशेची हे कळत नसेल, तर त्या साक्षीवर कारणमीमांसेचा मजला चढवता येत नाही. शिवाय सुऱ्यांची आठवणसुद्धा बंडी जगभर कुप्रसिद्ध झाल्यानंतर सांगितली गेली. तो वकील होऊन टकोमात स्थायिक झाला असता, तर तीच आठवण घरातला खोडकर किस्सा म्हणून सांगितली गेली असती किंवा कोणाला आठवलीही नसती.

यावर उपाय एकच: उलटीकडून न येता सुलटीकडून जायचं. आधी मार खाल्लेली मुलं घ्यायची आणि ती मोठी होऊन काय करतात ते पाहायचं. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी हेच केलं. १९६७ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ज्यांच्यावरचा अत्याचार किंवा ज्यांची हेळसांड न्यायालयात सिद्ध झाली होती, अशी ९०८ मुलं त्यांनी नोंदींतून निवडली. वय, लिंग, वंश, आर्थिक स्थिती यांत जुळणारी पण अत्याचाराची नोंद नसलेली ६६७ मुलं तुलनेला घेतली. १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले: हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के, दुसऱ्यात सुमारे ८. फरक आहे, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण पहिल्या गटातल्या शंभरांपैकी एकोणनव्वद जणांवर हिंसेचा गुन्हा नाही, हेही त्याच तक्त्यात आहे. इथे मोजलेली हिंसा ही मारामारी, लुटालूट धरून. सीरियल किलरांचे खून तर एफबीआयच्याच अंदाजाने एकूण खुनांच्या एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेत अलीकडे दरवर्षी साडेपाच-सहा लाख मुलांवरचे अत्याचार किंवा त्यांची हेळसांड सरकारी यंत्रणा खरी ठरवते. एवढ्या मोठ्या दुःखातून इतके थोडे खुनी निघत असतील, तर बालपण हे एकट्याने पुरेसं कारण कसं?

अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं ही जी ‘तीन लक्षणं’ प्रसिद्ध आहेत, त्यांची कथाही अशीच आहे. जॉन मॅकडॉनल्ड यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरच्या मनोरुग्णालयातल्या १०० रुग्णांवर लेख लिहिला. हे रुग्ण खून करण्याची धमकी देणारे होते, खुनी नव्हते. तीन लक्षणं त्यांना दिसली ती त्यातल्या अतिक्रूर वाटणाऱ्या काही जणांत, आणि पुढे खुद्द मॅकडॉनल्ड यांनाच त्यांच्या भाकीतशक्तीबद्दल शंका वाटू लागली. तोवर लक्षणं कादंबऱ्यांत पोचली होती. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधरा-एक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. त्यांच्या आयांनी या पुस्तकांपासून दूर राहिलेलंच बरं. गंमत म्हणजे त्याच डेन्व्हरमध्ये, एकच वर्ष आधी, हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाणीने जखमी झालेल्या मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला होता. त्या लेखाने अमेरिकेतले कायदे बदलले आणि असंख्य मुलं वाचली. लोकप्रियतेत मात्र मॅकडॉनल्ड पुढे गेले.

एकाच घरातली भावंडं हा दुसरा पुरावा. कॅन्ससमधल्या विचिटाचा डेनिस रेडर चार भावांतला थोरला. घर साधं, चर्चला जाणारं. रेडर स्वतः पुढे चर्चच्या समितीचा अध्यक्ष झाला. त्याने १९७४ ते १९९१ मध्ये दहा खून केले, आणि आपल्या बालपणाला तो दोष देत नाही. मिलवॉकीतला खुनी जेफ्री डामर याच्या आईचं नैराश्य, बापाचं प्रयोगशाळेत बुडून जाणं, घटस्फोटाची भांडणं, हे सगळं त्याच्या धाकट्या भावानेही सोसलं. शिकागोच्या जॉन वेन गेसीचा बाप दारूडा होता, मुलाला पट्ट्याने फोडून काढायचा. हे गेसीच्या आईने आणि बहिणीनेही खटल्यात सांगितलं, म्हणून ते विश्वासार्ह. पण त्या घरात वाढलेल्या दोन्ही बहिणींनी कोणाचा जीव घेतला नाही. एकाच छपराखालची दोन मुलं एकाच घरात वाढत नाहीत, बापाचा राग एकावर जास्त असतो, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. फक्त मग ‘असं घर असलं की असा माणूस’ हे सूत्र सोडावं लागेल. त्या जागी स्वभाव, मेंदू, योगायोग आणि स्वतः घेतलेले निर्णय, अशी न सुटणारी गुंतागुंत मांडावी लागेल. मेंदूकडे धाव घेणाऱ्यांनाही सोपं उत्तर मिळालेलं नाही. १९९४ मध्ये मृत्युदंडानंतर गेसीचा मेंदू हेलन मॉरिसन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तपासायला दिला. त्यात काही वावगं आढळलं नाही. त्याच वर्षी डामर तुरुंगात मारला गेला. त्याच्या मेंदूचा अभ्यास व्हावा असं आईला वाटत होतं, बापाला तो नष्ट व्हायला हवा होता. १९९५ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी बापाच्या बाजूने निकाल दिला.

मग बालपणाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो खुनाच्या ‘का’पेक्षा ‘कोणाला’ आणि ‘कसं’ याच्याशी जास्त जुळतो. कॅलिफोर्नियाचा एडमंड केम्पर सांगायचा, की आई आपल्याला तळघरात झोपायला लावायची, सतत पाणउतारा करायची. ती सांताक्रूझच्या विद्यापीठात नोकरीला होती. त्याने १९७२-७३ मध्ये मारलेल्या सहाही तरुणी विद्यार्थिनी होत्या, आणि शेवटी आईच. तिरस्काराची दिशा बालपणातून आलेली दिसते, एवढं मानता येईल. अर्थात इथेही आईची साक्ष नाही, ल्यूकसच्या आईसारखीच. पण केम्परच्या कहाणीतला खरा धक्का बालपण संपल्यावर आहे. १९६४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने आजी-आजोबांना गोळ्या घातल्या होत्या. त्याला अ‍ॅटास्काडेरोच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथे तो इतका शहाण्यासारखा वागला की इतर रुग्णांच्या मानसिक चाचण्या घ्यायला मदत करू लागला. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर ‘बरं’ मानतात, हे त्याला तिथे कळलं. १९६९ मध्ये डॉक्टरांचा विरोध असताना त्याला सोडलं ते आईच्याच हवाली. १९७२ च्या सप्टेंबरात दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासून तो समाजाला धोकादायक नसल्याचं लिहून दिलं, आणि नोव्हेंबरात त्याच्या जुन्या खुनांची नोंद मोहोरबंद झाली. त्या वेळी त्याचे नवे खून सुरू झालेले होते.

म्हणून मला वाटतं, की खुनी घडण्यात बालपणाचा वाटा असेल तितका असो. तो ‘सीरियल’ होतो तो मोठ्यांच्या जगात. पहिल्या खुनानंतर सापडला तर तो नुसता खुनी राहतो. गॅरी रिजवेने सोळाव्या वर्षी सहा वर्षांच्या मुलाला भोसकलं. मुलगा वाचला, रिजवेवर कारवाई झाली नाही. १९८२ पासून सिएटलच्या परिसरात त्याने देहविक्रय करणाऱ्या आणि घरातून पळालेल्या मुली मारल्या. निवड अशा मुलींची का, याचं उत्तर त्याने कबुलीत दिलं आहे: त्या हरवल्याची तक्रार लवकर होत नाही. त्या उत्तरात त्याचं बालपण नाही, सिएटल आहे. १९८४ मध्ये तो सत्यशोधन चाचणी ‘पास’ झाला, १९८७ मध्ये पोलिसांनी त्याच्या लाळेचा नमुना घेतला, डीएनए जुळवून अटक २००१ मध्ये झाली. ४९ खुनांत तो दोषी ठरला. सॅम्युएल लिटलने १९७० ते २००५ मध्ये ९३ खून केल्याची कबुली दिली. ल्यूकसच्या वेळी झालं तसं न होता एफबीआयने कबुल्या पडताळायला घेतल्या आणि २०१९ पर्यंत पन्नास खऱ्या ठरवल्या. त्याने मारलेल्या बहुतेक स्त्रिया गरीब आणि काळ्या होत्या. त्यातले कित्येक मृत्यू अमली पदार्थांच्या अतिसेवनाने किंवा अज्ञात कारणाने झाल्याची नोंद होती.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत अशा खुन्यांची संख्या शिखरावर होती आणि नंतर ती पुष्कळ घटली. बालपणवादी म्हणतील, की मुलांच्या संरक्षणाचे कायदे झाले म्हणून घटली. थोडाफार वाटा त्यांचाही असू शकेल. मुलांना मारापासून वाचवायला मात्र ती पुढे खुनी होतील ही भीती लागत नाही, मार हेच कारण पुरेसं आहे. पण त्याच काळात डीएनए आला, शिक्षा लांबल्या, राज्याराज्यांतल्या पोलिसांची माहिती जोडली गेली आणि अनोळखी गाडीला हात करून प्रवास करणं जवळपास बंद झालं. दुसरा खून करायला मिळणं अवघड झालं.

त्याआधी ते किती सोपं होतं हे कळायला मिलवॉकीमध्ये २७ मे १९९१ च्या पहाटे काय झालं ते पाहा. डामरच्या इमारतीजवळ लाओसमधून आलेल्या कुटुंबातला चौदा वर्षांचा मुलगा नग्न, रक्ताळलेला, धड उभंही राहता येत नसलेला असा रस्त्यावर दोन काळ्या मुलींना दिसला. त्यांनी पोलिसांना बोलावलं. डामर म्हणाला, हा माझा एकोणीस वर्षांचा मित्र आहे, दारू प्यायला आहे. पोलिसांनी मुलींना गप्प केलं आणि मुलाला डामरच्या घरात नेऊन सोडलं. आत झोपायच्या खोलीत तीन दिवसांपूर्वीचं प्रेत होतं. डामरचं नाव तपासलं असतं, तर याच मुलाच्या मोठ्या भावावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल तो प्रोबेशनवर आहे हे समजलं असतं. त्यातल्या एका मुलीच्या आईने, ग्लेंडा क्लीव्हलंड यांनी, पुन्हा पुन्हा फोन करून विचारलं, तो लहान मुलगा होता ना? तो प्रौढ होता, असं त्यांना सांगण्यात आलं. मुलगा त्याच रात्री मारला गेला आणि २२ जुलैला डामर पकडला जाईपर्यंत आणखी चौघे. त्या दोन पोलिसांना नोकरीवरून काढलं, पण १९९४ मध्ये न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. त्यातला एक २००५ मध्ये मिलवॉकीच्या पोलिस संघटनेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.